टेक्सासच्या हायस्कुलात पहिलं वर्ष: वर्ग, बँड आणि मैदान

पुण्याहून किंवा हैदराबादहून जूनमध्ये बदली होते, ऑगस्टच्या मध्यावर शाळा सुरू होते, आणि मधल्या थोड्या आठवड्यांत घर, गाडी, बँक, लायसन्स या धबडग्यात नववी-दहावीतल्या मुलाची शाळाही लावायची असते. ह्यूस्टनजवळचं केटी, डॅलसच्या उत्तरेची फ्रिस्को आणि प्लेनो, ऑस्टिनजवळची राउंड रॉक आणि सीडर पार्क ही मराठी कुटुंबं जास्त उतरतात ती गावं. तिथली सरकारी हायस्कुलं अवाढव्य आहेत. एका शाळेत दोन-अडीच हजार मुलं ही इथली रोजची गोष्ट. प्लेनोच्या शेजारच्या ॲलन हायस्कुलात तर पाच हजारांच्या आसपास. त्याच ॲलनने २०१२ साली सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून शाळेच्या मुलांसाठी अठरा हजार प्रेक्षकांचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम बांधलं. दोन वर्षांत त्याला तडे गेले आणि दुरुस्तीसाठी ते बंद ठेवावं लागलं, तेव्हा गावातली जी चर्चा झाली ती टेक्सासबाहेरही पोचली.

एवढी मोठी शाळा पाहिली की आपल्या घरांत एकच ठराव पास होतो: पहिलं वर्ष नुसता अभ्यास, बाकीचं पुढे बघू. टेक्सासात हा ठराव महागात पडतो. इथे बँड, गायन, नाटक, चित्रकला आणि खेळ यांना शाळेच्या वेळापत्रकात तास आहेत, त्यांचं क्रेडिट, म्हणजे पास व्हायला लागणाऱ्या विषयांच्या हिशेबातलं एकक, मिळतं, आणि त्यातली बरीच दारं नववीत किंवा त्याच्याही आधी उघडी असतात. दहावीत आल्यावर ठोठावलं तर आतून कोणी ओ देईलच असं नाही. शिवाय तीन हजार अनोळखी मुलांत नव्या मुलाला जेवायला कोणाशेजारी बसायचं हा प्रश्न गणिताच्या वर्गापेक्षा कॉयरमध्ये (समूहगायनात) किंवा क्रॉस कंट्रीच्या (लांब पल्ल्याच्या धावण्याच्या) सरावात लवकर सुटतो. म्हणून अभ्यासाबरोबर दुसरी एक गोष्ट पहिल्याच महिन्यात धरायची, आणि ती कशी धरायची हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

पायरी १: घराचा करार करण्याआधी शाळेची हद्द पाहा

तुमचं घर कुठल्या रस्त्यावर आहे यावर मूल कुठल्या शाळेत जाणार हे ठरतं. शाळा चालवतो तो डिस्ट्रिक्ट, म्हणजे आयएसडी (इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट). त्याच्या हद्दी शहराच्या हद्दीशी जुळतीलच असं नाही. फ्रिस्को शहरातली काही घरं लुइसव्हिल किंवा प्रॉस्पर डिस्ट्रिक्टमध्ये मोडतात, तर प्लेनो शहराचा एक तुकडा फ्रिस्को डिस्ट्रिक्टमध्ये आहे. नवी शाळा बांधली की हद्दी पुन्हा आखतात. त्यामुळे घरदलालाच्या किंवा अपार्टमेंटच्या ऑफिसच्या सांगण्यावर जाऊ नका. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर पत्ता टाकून शाळा बघा आणि मगच सही करा.

शाळेची रचनाही विचारून घ्या. हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी हे सगळीकडे खरं, पण प्लेनोत नववी-दहावी एका इमारतीत आणि अकरावी-बारावी दुसऱ्या, ज्याला सीनिअर हाय म्हणतात, अशी विभागणी चालत आली आहे. ॲलनमध्ये नववीची मुलं वेगळ्या इमारतीत असतात. दहावीत आलेल्या मुलाला प्लेनोत वर्षभरात पुन्हा शाळा बदलावी लागेल, हे आधीच माहीत असलेलं बरं. बस साधारणपणे शाळेपासून दोन मैल किंवा त्याहून लांब राहणाऱ्यांना मिळते.

पायरी २: कागदपत्रं

भाडेकरार, विजेचं बिल, पालकांचं ओळखपत्र, मुलाचा पासपोर्ट किंवा जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका. एच-४ वरच्या, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून आलेल्या, मुलाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसतो. त्यावाचून अडत नाही, शाळा स्वतःचा क्रमांक देते. व्हिसाच्या स्थितीवरून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ठरवून दिलंय, आणि तो खटला टेक्सासातल्याच टायलर गावचा होता.

लसींवर गाडी बऱ्याचदा अडते. भारतातून आलेल्या मुलांच्या कार्डावर पोलिओ, गोवर वगैरे असतं, पण कांजिण्यांचे दोन डोस, हिपॅटायटिस ए आणि मेनिन्जायटिसची लस यांपैकी काहीतरी राहिलेलं असतं, आणि टेक्सासला ती सगळी हवी असतात. शक्य असेल तर निघण्याआधी तिकडेच घ्या, आणि डॉक्टरांकडून प्रत्येक डोसची तारीख इंग्रजीत लिहून, शिक्का मारून आणा. क्षयाची तपासणी मागितली गेली तर त्वचेवरच्या चाचणीऐवजी रक्ताची चाचणी करा असं सांगा. आपल्याकडे लहानपणी दिलेल्या बीसीजीमुळे त्वचेची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये घरात कोणती भाषा बोलता असा प्रश्न असतो. तिथे ‘मराठी’ लिहिलं तर मुलाची इंग्रजीची चाचणी घेतली जाते. मुलाला खालच्या वर्गात टाकतील या धास्तीने पुष्कळ जण ‘इंग्लिश’ लिहून मोकळे होतात. धास्ती अनाठायी आहे. इंग्रजी माध्यमातून आलेलं मूल ही चाचणी बहुधा सहज पार करतं, आणि ज्याला खरोखर मदत लागणार आहे त्याला ती मिळते. खरं लिहा.

पायरी ३: काउन्सेलरशी पहिली बैठक

हायस्कुलात वर्गशिक्षक नसतो. मुलाच्या विषयांचं, क्रेडिटचं आणि पुढे कॉलेजच्या अर्जांचं सगळं काउन्सेलर बघतो, आणि मोठ्या शाळेत मुलं आडनावाच्या आद्याक्षरावरून काउन्सेलरांत वाटलेली असतात. एकेकाकडे शेकडो मुलं असतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या दारापुढे रांग असते, त्यामुळे जुलैअखेर ऑफिस उघडताच ईमेल करा. पत्र लांबवू नका: मुलाचं नाव, इयत्ता, कुठल्या बोर्डातून आला, गणितात काय शिकून झालं, कोणत्या कलेत किंवा खेळात यायचंय, एवढंच.

गणिताचं आधीच लिहायचं कारण असं की इथे गणित शिडीसारखं चढायचं असतं: अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. आपल्या नववीच्या पुस्तकात बीजगणित आणि भूमिती शेजारी शेजारी असते, त्यामुळे गुणपत्रिकेवरच्या नुसत्या ‘मॅथेमॅटिक्स’ या शब्दावरून काउन्सेलरला काही कळत नाही. नववी-दहावीच्या अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका छापून न्या. तरीही अडलं तर टेक्सासात परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची सोय आहे: वर्गात न बसता द्यायची असेल तर ८० टक्के, विषय आधी शिकून झाला असेल तर ७०. तारखा ठरलेल्या असतात, त्यांची विचारपूस पहिल्याच बैठकीत करा.

एक मोह टाळा. ‘एक वर्ष खाली घालू, पाया पक्का होईल’ असं म्हणून भारतात नववी झालेल्या मुलाला पुन्हा नववीत बसवायला काही जण तयार होतात. खेळायचं असेल तर हे अंगाशी येतं, कारण मूल पहिल्यांदा नववीत गेलं तिथून खेळाच्या पात्रतेची सलग चार वर्षं मोजली जातात, आणि १ सप्टेंबरला १९ वर्षं पूर्ण झालेल्याला मुख्य संघातून खेळता येत नाही.

पायरी ४: क्रेडिटचा हिशेब

टेक्सासात हायस्कूल पास व्हायला किमान २२ क्रेडिट लागतात: इंग्रजीची चार, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्राची तीन-तीन, परकीय भाषेची दोन, शारीरिक शिक्षणाचं एक, कलेचं एक आणि आवडीच्या विषयांची पाच. प्रत्यक्षात बहुतेक मुलं २६ क्रेडिटचा मार्ग धरतात. त्यात नववीतच एक दिशा निवडायची असते: विज्ञान-तंत्रज्ञान, व्यवसाय-उद्योग, लोकसेवा, कला-मानव्यविद्या किंवा मिश्र. ही दिशा पुढे बदलता येते, म्हणून त्यावर घरात रात्र-रात्र चर्चा नको. लक्षात एवढंच ठेवा की अल्जेब्रा टू आणि गणित-विज्ञानाची चार-चार वर्षं केल्याशिवाय ‘डिस्टिंग्विश्ड’ हा दर्जा मिळत नाही, आणि तो नसेल तर राज्यातल्या विद्यापीठांत आपोआप प्रवेशाचा हक्क लागू होत नाही.

त्याखेरीज पास होण्यासाठी राज्याच्या परीक्षा आहेत. आजवर अल्जेब्रा वन, बायोलॉजी, इंग्लिश वन, इंग्लिश टू आणि अमेरिकेचा इतिहास अशा पाच विषयांच्या त्या होत आल्या. ही परीक्षापद्धत बदलणारा कायदा २०२५ मध्ये झाला आहे, त्यामुळे तुमच्या मुलाला नेमक्या कोणत्या द्याव्या लागतील हे काउन्सेलरकडून लेखी घ्या. भारतात तो विषय शिकून झाला, म्हणून परीक्षा माफ झाली असं धरून चालू नका.

परकीय भाषेच्या क्रेडिटसाठी स्पॅनिश किंवा फ्रेंच घेतलीच पाहिजे असं नाही. काही डिस्ट्रिक्ट भाषाचाचणी देऊन क्रेडिट देतात आणि त्यांच्या यादीत हिंदी पुष्कळदा असते. मराठी आहे का हे विचारायला काही पैसे पडत नाहीत. अशी दोन क्रेडिट सुटली तर वेळापत्रकात दोन जागा मोकळ्या होतात, आणि त्यांची किंमत पुढे बँड किंवा खेळाचा तास बसवताना कळते.

पायरी ५: एपी आणि रँक, प्रमाणात

आपल्या पार्ट्यांमध्ये सगळ्यात जास्त चर्चा होणारा विषय हा, आणि सगळ्यात जास्त ऐकीव माहितीही इथलीच. एपी म्हणजे शाळेत शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय. मे महिन्यात त्याची देशभर एकच परीक्षा होते आणि १ ते ५ गुण मिळतात. ३ किंवा त्याहून जास्त मिळाले तर टेक्सासची सरकारी विद्यापीठं साधारणपणे क्रेडिट देतात. दुसरा मार्ग ड्युअल क्रेडिटचा: कॉलिन कॉलेज, लोन स्टार, ऑस्टिन कम्युनिटी कॉलेज अशा स्थानिक कॉलेजांचा विषय हायस्कुलात असतानाच करायचा. त्यातले गुण कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जातात, म्हणून तो हलक्याने घ्यायचा नाही.

एपीच्या विषयाला जीपीएत, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांच्या सरासरीत, जास्त वजन असतं. कुठे पाचांपैकी, कुठे सहांपैकी, प्रत्येक डिस्ट्रिक्टचं गणित निराळं. त्या जीपीएवरून वर्गातला क्रमांक ठरतो, आणि टेक्सासात क्रमांकाला कायद्याचं पाठबळ आहे: १९९७ च्या कायद्याने शाळेतल्या पहिल्या दहा टक्क्यांतल्या मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशाची हमी मिळाली. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला मात्र सूट आहे. तिथली मर्यादा बरीच वर्षं सहा टक्के होती आणि २०२६ च्या प्रवेशापासून पाच टक्के झाली. ही हमी विद्यापीठातल्या जागेची आहे, कॉम्प्युटर सायन्सच्या जागेची नाही.

यातून एक विचित्र गोष्ट घडते. बँड किंवा कॉयर साध्या वजनाचा विषय असल्याने, जीपीएत तो धरला तर सर्वोत्तम गुण मिळूनही सरासरी किंचित खाली येते, म्हणून काही घरांत दहावीत बँड सोडवला जातो. काही डिस्ट्रिक्ट असे विषय जीपीएत धरतच नाहीत, काही धरतात. नियम कोर्स कॅटलॉगमध्ये छापलेला असतो. तो वाचा. दुसऱ्या दशांशासाठी चार वर्षांचं वाद्य सोडायला लावणं मला तरी पटत नाही. आणि नव्या मुलाला पहिल्याच सहामाहीत एक किंवा फार तर दोन एपी पुरेत. इथली गृहपाठाची पद्धत, ऑनलाइन जमा करायच्या वेळा, एकमेकांच्या कामावर लिहायचे अभिप्राय हे सगळं अंगवळणी पडायला वेळ लागतो. आपल्या मुलाला गणित सोपं जातं आणि अमेरिकेच्या इतिहासावरचा निबंध रडवतो, हे जवळजवळ ठरलेलं.

पायरी ६: कलेतली उघडी दारं

कलेचं एक क्रेडिट सक्तीचं आहे, म्हणून कुठून तरी शिरायचंच आहे. प्रश्न कुठून एवढाच.

बँडचं सत्य आधी सांगते. टेक्सासात बँड सहावीत सुरू होतो. नववीतली मुलं ट्रम्पेट-क्लॅरिनेट तीन वर्षं वाजवून आलेली असतात, त्यामुळे कोऱ्या पाटीने नववीत बँडमध्ये जाणं जवळपास अशक्य. पण मार्चिंग बँडचाच भाग असलेला कलर गार्ड, म्हणजे झेंडे आणि रायफली फिरवत नाचणारा गट, वाद्याचा अनुभव मागत नाही. ज्या मुलीने लेझीम केलंय तिला यातली लय ओळखीची वाटेल. निवड वसंतात होते, तरी उन्हाळ्यात उशिरा आलेल्यांना घेतात का हे डिरेक्टरला विचारायला हरकत नाही. तबला शिकलेल्या मुलांनी पर्कशनबद्दल विचारावं. हात तयार असतो, पाश्चात्त्य लिपी वाचणं मात्र शिकावं लागेल.

मार्चिंग बँड काय प्रकार आहे हे आधी डोळ्यांनी बघा. जुलैअखेरीपासून शंभर फॅरनहाइटच्या उन्हात पार्किंग लॉटमध्ये तालीम, मग शरदात दर शुक्रवारी फुटबॉलच्या मध्यंतरात सादरीकरण आणि शनिवारी स्पर्धा. राज्याची अंतिम फेरी नोव्हेंबरात सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये होते. मोबदला चांगला आहे: मार्चिंगचा हंगाम शारीरिक शिक्षणाच्या क्रेडिटऐवजी धरला जातो. ड्रिल टीम (कवायती नाचाचा गट) आणि चिअरलीडिंगचंही तसंच.

नव्या मुलासाठी सगळ्यात सोपं दार कॉयरचं. प्रत्येक मोठ्या शाळेत निवड चाचणीशिवाय प्रवेश देणारा एक तरी गट असतो. टेक्सासातल्या कॉयरमध्ये सहसा ‘डो’ कुठल्याही पट्टीवर धरून स्वर वाचायला शिकवतात. षड्ज कुठेही लावून सरगम म्हणणाऱ्या मुलाला ही कल्पना नवी नाही, दोन महिन्यांत ते इतरांच्या पुढे गेलेलं दिसतं. हार्मनी, म्हणजे शेजारचा वेगळा स्वर गात असताना आपला न सोडणं, हे मात्र घाम फोडतं. पुढे जायचं असेल तर ऑल-रीजनपासून ऑल-स्टेटपर्यंत चाचण्यांची चढण आहे आणि ऑल-स्टेटच्या मैफली फेब्रुवारीत सॅन अँटोनियोला होतात. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाल्यांना जागा असते, पण कर्नाटकी किंवा हिंदुस्तानी पद्धतीने शिकलेल्यांनी बैठक, सुरावट आणि नोटेशन नव्याने शिकायची तयारी ठेवावी.

नाटकाच्या विभागात लाजऱ्या मुलांनी आवर्जून जावं, कारण रंगमंचामागे माणसं कायम कमी असतात. प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा यांसाठी टेक थिएटर असा वेगळा विषय असतो. वसंतात शाळाशाळांत एकांकिकांची राज्यव्यापी स्पर्धा होते: नाटक जास्तीत जास्त ४० मिनिटं, सेट लावायला सात मिनिटं आणि काढायला सात. पुरुषोत्तम करंडकाच्या वाऱ्या केलेल्या आई-वडिलांना हे वातावरण समजावून सांगायची गरज पडणार नाही, फक्त आरडाओरडा इथे कमी.

चित्रकलेत आर्ट वनने क्रेडिट होतं. पुढे व्हेज नावाची राज्यपातळीची स्पर्धा असते, तिथे चित्राबरोबर चित्रामागचा विचारही परीक्षकाला सांगावा लागतो. एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेली आपली मुलं रेषेत पक्की असतात, पण ‘हे का काढलंस’ या प्रश्नाला गप्प बसतात. घरी त्याचीच तयारी करून घ्या.

पायरी ७: मैदानात उतरायचं तर जुलैत

टेक्सासात शाळांमधले खेळ, संगीत आणि ज्ञानस्पर्धा या तिन्हींवर एकाच संस्थेचे नियम चालतात: युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग, सगळे यूआयएल म्हणतात. टेक्सास विद्यापीठाने १९१० मध्ये ती सुरू केली. पटसंख्येनुसार शाळा १ए ते ६ए अशा वर्गांत असतात. तुमची बहुधा ५ए किंवा ६ए असेल, म्हणजे स्पर्धा कडक.

व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री, टेनिस आणि फुटबॉल यांचे सराव ऑगस्टच्या सुरुवातीला, वर्ग भरण्याआधीच सुरू होतात. पहिल्या दिवशी दप्तर घेऊन पोचलेल्या मुलाला व्हॉलीबॉलचा संघ निवडून झाल्याचं कळतं. म्हणून जुलैतच शाळेच्या वेबसाइटवरून प्रशिक्षकाचा ईमेल शोधून लिहा, आणि ते मुलानेच लिहावं. इथे प्रशिक्षकांना पालकांपेक्षा मुलाचं पत्र आवडतं. डॉक्टरची तपासणी ठरलेल्या यूआयएल फॉर्मवरच लागते (मार्चिंग बँडलाही), आणि आधीच्या शाळेकडून खेळलेल्या मुलाचा पूर्वइतिहासाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. भारतातल्या शाळेचा संघही त्यात सांगायचा.

कुठला खेळ? क्रिकेट, बॅडमिंटन, कबड्डी यूआयएलमध्ये नाहीत. बास्केटबॉल आणि टेनिसमध्ये लहानपणापासून खासगी प्रशिक्षण घेतलेली मुलं असतात, निवडीत बरीच गळतात. क्रॉस कंट्री आणि ट्रॅकमध्ये सहसा कोणाला परत पाठवत नाहीत. धावायची तयारी असली की झालं. कुस्तीतही नवख्यांना जागा असते, नियम आपल्या मातीतल्या कुस्तीपेक्षा वेगळे असले तरी. सॉकर टेक्सासात हिवाळ्यात खेळतात, त्यामुळे उशिरा आलेल्याला तयारीला वेळ मिळतो. नववीचा, ज्युनिअर व्हार्सिटी आणि व्हार्सिटी (मुख्य संघ) असे संघांचे स्तर असतात; पहिल्या वर्षी नववीच्या संघात असणं यात कमीपणा नाही.

खेळाचा तास वेळापत्रकात असतो आणि शारीरिक शिक्षणाचं क्रेडिट त्यातूनच मिळतं. कथक, भरतनाट्यम किंवा बाहेर पोहण्याचं प्रशिक्षण आठवड्याला किमान पाच तास चालू असेल तर काही डिस्ट्रिक्ट तेही शारीरिक शिक्षण म्हणून मान्य करतात. फॉर्म वर्ष सुरू होण्याआधी द्यावा लागतो, आणि तुमच्या गुरूंची संस्था डिस्ट्रिक्टच्या यादीत असावी लागते.

पायरी ८: तीन नियम फ्रिजवर चिकटवा

पहिला, ‘नो पास, नो प्ले’. १९८४ च्या शिक्षणसुधारणेत हा कायदा आला. उद्योगपती रॉस पेरो यांच्या समितीने तो पुढे रेटला होता. कुठल्याही एका विषयात ७० पेक्षा कमी गुण आले तर किमान तीन आठवडे स्पर्धेत किंवा सामन्यात भाग नाही. सराव करता येतो. काही प्रगत विषयांना सूट असते, कोणत्या ते शाळेला विचारा. मूल हुशार आहे म्हणून हे आपल्याला लागू नाही असं समजू नका; गुण बऱ्याचदा बुद्धीने नाही, वेळेत न दिलेल्या दोन गृहपाठांनी पडतात. पालकांच्या पोर्टलवर रविवारी एकदा नजर टाका, रोज नको.

दुसरा, आठ तासांचा. शाळेच्या वेळेबाहेर एका खेळाचा किंवा मार्चिंग बँडचा सराव शाळेच्या आठवड्यात आठ तासांपेक्षा जास्त घेता येत नाही. सामने, प्रवास, वाट पाहणं यात मोजत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात वेळ जास्त जातो.

तिसरा नियम आपल्या लोकांना सगळ्यात जास्त नडतो: क्रेडिट मिळायला वर्ग भरले त्यातल्या ९० टक्के दिवसांची हजेरी लागते. डिसेंबरात लग्नासाठी तीन आठवडे भारतात राहायचं ठरवलं, त्यात सुट्टीचे दोन आठवडे धरले तरी उरलेला आठवडा आणि आधी आलेला ताप मिळून मर्यादा गाठली जाते. तिकिटं शाळेचं कॅलेंडर बघून काढा. धार्मिक सणाची रजा मात्र कायद्याने मान्य आहे. गणपती बसतात त्या दिवशी किंवा दिवाळीत मूल घरी ठेवायचं असेल तर आधी लेखी कळवा, गैरहजेरी माफ होते.

२०२५ पासून शाळेच्या वेळात फोन वापरायलाही राज्यात बंदी आहे. दुपारी मेसेजला उत्तर आलं नाही म्हणून घाबरू नका.

पायरी ९: ज्ञानस्पर्धा

यूआयएलच्या ज्ञानस्पर्धा नव्या मुलांसाठी सोन्यासारख्या आहेत, कारण पूर्वतयारी भारतातच झालेली असते. नंबर सेन्समध्ये दहा मिनिटांत ८० उदाहरणं, कच्चं काम कुठेही करायचं नाही, खाडाखोड नाही, थेट उत्तर लिहायचं. अबॅकस केलेली, पाढे पाठ असलेली मुलं इथे चमकतात. कॅल्क्युलेटर, विज्ञान, कॉम्प्युटर सायन्स, वादविवाद, निबंध असे कितीतरी प्रकार आहेत. प्रत्येकाला एक शिक्षक नेमलेला असतो, सप्टेंबरात त्याच्या खोलीत जाऊन नाव द्यायचं. वादविवाद मी मुद्दाम सुचवीन, कारण इंग्रजी येणं आणि इंग्रजीत चारचौघांत भांडता येणं यातलं अंतर तिथे भरून निघतं.

पायरी १०: पैसे, पालक आणि व्हिसा

शिक्षण फुकट असलं तरी बँडचा गणवेश, सहली, शिबिरं यांचा खर्च वर्षाला काहीशे डॉलर होतो. परवडत नसेल तर डिरेक्टरशी सरळ बोला, सोय असते आणि गुप्त ठेवली जाते. शरदात होमकमिंग, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताचा सोहळा, येतं आणि त्याच्याबरोबर टेक्सासची खास चाल: रेशमी फितींचं, घंटा आणि टेडीबेअर लटकवलेलं भलं मोठं नकली शेवंतीचं फूल, ‘मम’, मुली दिवसभर छातीवर मिरवतात. दुकानात त्याचे शंभर-दोनशे डॉलर सहज मागतात. आजी आल्या असतील तर त्यांच्या हाती गोंद आणि फिती द्या.

पालकांची कामं बूस्टर क्लबमार्फत, म्हणजे बँडला किंवा संघाला मदत करणाऱ्या पालकांच्या गटामार्फत, वाटली जातात: सामन्याच्या वेळी नाचोज विकणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, बँडचं सामान ट्रकमध्ये चढवणं. एकदोनदा जा. शाळेत काय चाललंय हे ईमेलपेक्षा त्या काउंटरमागे जास्त कळतं.

एक गोष्ट घरात आधीच बोलून ठेवा. सोळाव्या वर्षी वर्गमित्र लाइफगार्ड किंवा दुकानात कॅशिअर म्हणून उन्हाळ्यात कमावू लागतात. एच-४ वरच्या मुलाला पगारी काम करता येत नाही, मग ते पूलवर असो की ओळखीच्या काकांच्या ऑफिसात. सेवाभावी संस्थांत स्वयंसेवक म्हणून काम करता येतं, रुग्णालयं, ग्रंथालयं, अन्नपेढ्या यांत मुलांसाठी कामं असतात. पैसे घेऊन शिकवण्या करणंही पगारी कामातच मोडतं.

आणि जानेवारीची तारीख आजच लिहून ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचे विषय निवडायचा फॉर्म येतो, मुलं तो शाळेत बसून भरून टाकतात, आणि पालकांना कळेपर्यंत तो बंद झालेला असतो. कॉयरचा पुढचा गट, टेक थिएटर, खेळाचा तास, एपी, सगळ्यांच्या जागा त्याच फॉर्ममधून ठरतात. मुलाला फॉर्म घरी दाखवायला सांगा, पर्यायी विषयांच्या रकान्यातही मनापासूनच लिहायला लावा, कारण पहिली निवड भरली की शाळा विचारत बसत नाही, पर्याय देऊन मोकळी होते.